भ्यालेले पाखरू माणसाळलेले नसते

बारामतीत किंवा इंदापुरात कॉकाटीलचे पिल्लू विकत घेणाऱ्याला पिंजऱ्यासोबत सहसा तीन सल्ले फुकट मिळतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकालाही तेच मिळतात, त्यामुळे दोष एका गावाचा किंवा एका दुकानाचा नाही. पहिला सल्ला: पंख कापून घ्या, म्हणजे उडणार नाही आणि गुपचूप हातावर बसेल. दुसरा: एक-दोन दिवस दाण्याची वाटी काढून ठेवा, भुकेने आपोआप हाताशी येईल. तिसरा: शक्यतो कोवळे पिल्लूच न्या आणि सिरिंजने भरवा, ते तुम्हालाच आई समजेल. कात्री, उपास आणि सिरिंज या तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की पक्ष्याला दुसरी वाट उरली नाही की तो आपला होतो. या समजुतीवर आजवर झालेली टीका बहुतेक भूतदयेच्या अंगाने झाली, आणि ‘आम्हीही जीव लावतोच की’ एवढ्या उत्तरात ती विरून गेली. म्हणून इथे आक्षेप वेगळ्या अंगाने घ्यायचा आहे. पक्षी माणसाळवणे हाच हेतू धरला, तरी हे तिन्ही उपाय फसतात. ते पक्ष्याला गप्प करतात, आणि गप्प झालेल्या पक्ष्याला आपण माणसाळलेला म्हणतो. पक्षी खरोखर माणसाळतो तो जाण्याची मुभा शाबूत असताना थांबायला शिकतो तेव्हा.

आधी हा पक्षी कोण आहे ते पाहू. आपल्या बाजारात सर्रास ‘कॉकटेल’ म्हणून विकला जाणारा कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. काकाकुव्याच्या कुळातला हा सगळ्यांत लहान पक्षी. वजन जेमतेम ९० ते १०० ग्रॅम, डोक्यावर मनःस्थितीप्रमाणे वरखाली होणारा तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका. रानात तो थव्याने राहतो, जमिनीवर उतरून गवताचे बी टिपतो आणि पाण्याच्या शोधात दूरवर भटकतो. उघड्या माळावर चरणाऱ्या एवढ्याशा जिवाला शिकारी पक्ष्यापासून वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेळीच उडून जाणे. दचकणे आणि उडणे ही त्याची जगण्याची रीत आहे, खोड नव्हे. ‘वाळवंटातला पक्षी आहे, ऊन सोसतो’ असे सांगून पत्र्याखाली पिंजरा टांगणारेही इथेच चुकतात. रानातला कॉकाटील ऊन सोसत बसत नाही, तो सावलीकडे आणि पाण्याकडे उडून जातो. बारामती-इंदापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा पिंजऱ्यातल्या पक्ष्यापाशी नेमकी तीच सोय नसते.

हे सल्ले आले कुठून, याचाही विचार व्हायला हवा. आपल्या रानातला हिरवा पोपट पकडणे, विकणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कॉकाटील परदेशी आणि पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांतही त्याचे नाव नाही. त्यामुळे २०२४ च्या नियमांनी परिशिष्टांतल्या प्राण्यांची जी नोंदणी सक्तीची केली, तीही त्याला लागू होत नाही. पोपटाची हौस कायद्याच्या धाकाने या पक्ष्याकडे वळली हे समजण्यासारखे आहे, पण हौशीच्या मागोमाग जुने शिरस्तेही चालत आले. पंख छाटणे, उपाशी ठेवणे, ढोलीतून कोवळे पिल्लू काढणे ही रानातून धरून आणलेल्या, माणसाला जन्मात न पाहिलेल्या पोपटाला काबूत ठेवण्याची तंत्रे होती. पिंजऱ्यात जन्मलेल्या आणि अंड्यातून बाहेर पडल्यापासून माणसाची चाहूल ऐकत वाढलेल्या पक्ष्यावर ती चालवण्याचे प्रयोजन कुणी सांगत नाही. ‘असेच करतात’ हा त्यांचा एकमेव आधार आहे.

पहिली पाळी कात्रीची. तिच्या बाजूने दिला जाणारा पुरावा असा, की पंख छाटल्यावर पक्षी दोन-तीन दिवसांत शांत होतो आणि हातावर बसतो. निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष खोटा आहे. हातावर बसलेल्या त्या पक्ष्याकडे नीट पाहावे. तुरा मागे डोक्याला चिकटून सपाट झालेला असतो, पिसे आवळल्याने अंग बारीक दिसते, डोळे ताणलेले आणि नखे बोटात रुतलेली असतात. समोर राळ्याचे कणीस धरले तरी तो चोच लावत नाही. आणखी जवळ गेलात तर तोंड उघडून फिस्कारतो. निर्धास्त कॉकाटील असा नसतो. त्याचा तुरा सैलसर असतो, गालांची पिसे फुलून चोचीच्या कडेवर येतात, एक पाय पोटाशी घेतलेला असतो, आणि डोळे मिटायला लागले की चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासल्याची बारीक करकर ऐकू येते. दोघेही हातावर बसलेले असतात, दोघेही उडत नसतात, आणि विकणारा दोघांनाही ‘हँडटेम’ म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला नळीवरचा पोपट मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे: नळी त्याच्याच भाराने फिरते, त्याला कुणी बांधलेले नसते, आणि तो मात्र भीतीने ती आणखी घट्ट धरतो. बोटात नखे रुतवून बसलेल्या पक्ष्याची पकड याच जातीची.

ही नुसती उपमा नाही, तिला प्रयोगांचा आधार आहे. १९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. विजेच्या धक्क्यातून सुटायचा कसलाच उपाय ज्यांच्या हाती ठेवला नव्हता, ते बहुतेक कुत्रे पुढे सुटकेची वाट समोर असतानाही जागच्या जागी पडून राहिले. पुढे २०१६ मध्ये त्याच दोघांनी मधल्या काळातले मेंदूविज्ञान तपासून आपल्याच उपपत्तीत मोठा बदल केला. निष्क्रियता शिकावी लागत नाही, ती लांबलेल्या त्रासाला शरीराने दिलेली मूळ प्रतिक्रिया आहे; शिकावे लागते ते हे, की परिस्थिती काही अंशी आपल्या हातात आहे. पंख छाटण्याच्या वादात हा मुद्दा निर्णायक आहे. भीती वाटली की उडून जाणे, हाच कॉकाटीलच्या हातातला परिस्थिती बदलण्याचा मुख्य उपाय. तो काढून घेतला की शांतता येते, पण शिकणे थांबते. आणि प्रशिक्षण म्हणजे तर शिकणेच. ज्या पक्ष्याने ‘मी काहीही केले तरी फरक पडत नाही’ एवढाच धडा घेतला, त्याला दुसरा कुठला धडा द्यायचा?

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप घरच्या धोक्यांचा असतो. छताला पंखा आहे, दार सताड उघडे आहे, बाहेर घारी आणि शिक्रे आहेत, स्वयंपाकघरात उकळते तेल आहे. पंख न कापून पाखराचा जीव घालवायचा का? हे धोके खरे आहेत आणि त्यांत आणखी एकाची भर घालावी लागेल. नॉनस्टिक तव्याचा थर अति तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्याला मिनिटांत मारू शकतो. मात्र त्या वायूवर कात्रीचा उपाय नाही, आणि बाकीच्या धोक्यांवरही ती अर्धवटच चालते. छाटलेल्या पंखांचा पक्षी वाऱ्याच्या झोतात दाराबाहेर तरंगत जातोच, फक्त परत फिरू शकत नाही. दचकून उडी मारली की तो दगडासारखा फरशीवर आदळतो आणि छातीचे हाड किंवा शेपटीचे कोवळे पीस दुखावून घेतो. पिसे झडून नवी आली की एके दिवशी तो अचानक उडतो, आणि घरच्यांची सावधगिरी तोवर सुटलेली असते. पक्षी बाहेर काढण्याआधी पंखा बंद, खिडकीला पडदा, दाराला जाळी, स्वयंपाकघराचे दार लावलेले, एवढी शिस्त पाळणे ज्या घराला जमत नाही त्या घरात छाटलेला पक्षीही सुरक्षित नाही. अपवाद मान्य करायला हरकत नाही. चांगले उडायला शिकलेल्या पक्ष्याचे थोडे पंख जाणकार डॉक्टरने विशिष्ट कारणासाठी, काही काळापुरते कापणे ही वेगळी गोष्ट आहे. पण मग त्याला सुरक्षेचा उपाय म्हणावे. त्याला माणसाळवण्याचे श्रेय देऊ नये.

दुसरा आक्षेप खास या मातीतला आहे. खिल्लार बैलाला वेसण घालून वठणीवर आणणाऱ्या मुलखात पाखराच्या पिसांचे एवढे काय कौतुक, असे विचारले जाते. आक्षेपात दम आहे असे वाटते, कारण त्यात अनुभव आहे. पण तो अनुभव पुरता तपासला तर उलटे सांगतो. वेसण घातली जाते कारण बिथरलेला बैल माणसाचा जीव घेऊ शकतो. शंभर ग्रॅमच्या पक्ष्याच्या बाबतीत माणसाचा जीव कधीच पणाला नसतो, फार तर बोटाला चावा बसतो. शिवाय गोऱ्हा औताला लावणारा जाणता शेतकरी पहिल्या दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. तो आधी अंगाखांद्यावर हात फिरवतो, मानेला जुवाची सवय करतो, शिकलेल्या बैलाच्या जोडीला लावतो, हलके ओझे देतो. वेसण असूनही शिकवण्याचे काम ही सवयच करते. चाबकाने मोडलेला बैल काम करतो आणि संधी मिळताच शिंग उगारतो, हे ज्याने बैल पाळले त्याला सांगावे लागत नाही. जनावराच्या बाबतीत इतके बारीक कळणारा माणूस पाखराच्या बाबतीत कात्रीवर कसा विसंबतो, हाच खरा प्रश्न आहे.

आता उपासाकडे वळू. भुकेलेला प्राणी अन्नाकडे येतो, यात शोध लावण्यासारखे काही नाही. मात्र भुकेने हाताशी आलेला पक्षी दाण्यासाठी आलेला असतो, आणि पोट भरताच त्याच्या लेखी हात पुन्हा परका होतो. त्यात हे शरीर इतके लहान, की त्याच्या आत साठा फारसा नसतो. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढवलेल्या लठ्ठ पक्ष्याच्या यकृतात आधीच चरबी साचलेली असते. अशा पक्ष्याला दोन दिवसांचा उपास जिवावर बेतू शकतो. आजारी पक्षी आजार लपवतो, कारण थव्यात अशक्त दिसणारा आधी उचलला जातो. त्यामुळे धडधाकट वाटणारा पक्षी खरेच धडधाकट आहे, ही खात्री मालकाला नसते. आणि तालुक्याचा जनावरांचा दवाखाना प्रामुख्याने गाई-म्हशी-शेळ्यांसाठी चालतो. कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, मालक असून प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे गुन्हा ठरवले आहे. ‘ट्रेनिंगसाठी’ असे म्हटल्याने ते कलम गळून पडत नाही.

इथे जाणकार विरोधक दोन दाखले देतो. एक, बहिरी ससाणा शिकारीसाठी तयार करणारे लोक शतकानुशतके पक्ष्याचे वजन उतरवूनच काम करतात. दोन, प्राणी शिकवण्याचे शास्त्र ज्याने उभे केले त्या बी. एफ. स्किनरच्या प्रयोगशाळेतली कबुतरेही मुद्दाम कमी वजनावर ठेवलेली असत. दोन्ही दाखले खरे आहेत. पण ससाणा एकदा पोटभर मांस खाऊन दिवस काढणारा पक्षी आहे, दिवसभर दाणे टिपत राहणारा नव्हे. आणि त्याला तयार करणारा उस्ताद रोज तराजूवर ग्रॅमचा हिशेब ठेवतो, वाटी काढून घेऊन अंदाजाने दिवस मोजत नाही. स्किनरच्या कबुतरांचेही वजन रोज होई, आणि भूक ठराविक ठेवण्यामागे प्रयोग एकमेकांशी ताडून पाहण्याची गरज होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की भूक ही शिकण्याची पूर्वअट नाही हे त्याच परंपरेने दाखवून दिले. १९६९ मध्ये ॲलन न्यूरिंगर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शेजारी दाण्याची भरलेली वाटी फुकट मोकळी असतानाही कबुतरांनी आणि उंदरांनी काम करून दाणा मिळवला. मिळवून खाण्यात प्राण्याला स्वतःचा असा रस असतो. त्यामुळे वाटी भरलेलीच ठेवावी आणि राळ्याचे कणीस मात्र फक्त शिकवण्याच्या वेळी, फक्त हातातून द्यावे. पक्षी उपाशी न राहता हाताची वाट पाहू लागतो. वजन उतरवून जे साधते ते आवडीचा खाऊ राखून ठेवूनही साधत असेल, तर उपासाची वकिली करण्यासारखे काही उरत नाही.

तिसरा सल्ला वरकरणी सगळ्यांत मायेचा वाटतो, आणि म्हणूनच तो सगळ्यांत जास्त खपतो. पिल्लू कोवळे न्या, स्वतः भरवा, लळा लागेल. कॉकाटीलचे पिल्लू आंधळे जन्मते आणि अंगावर विरळ पिवळसर लव घेऊन येते. नर-मादी दोघे मिळून अंडी उबवतात आणि पिल्लांना भरवतात. साधारण महिना-सव्वा महिन्याने पिल्लू घरट्याच्या पेटीबाहेर पडते, पण स्वतः पोटभर दाणा फोडून खायला त्याला आणखी काही आठवडे लागतात. या काळात नवख्या माणसाच्या हाती सिरिंज देणे म्हणजे जुगार आहे. लापशी जास्त गरम असली तर गळ्याखालची अन्नाची पिशवी आतून भाजते, गार असली तर अन्न तिथेच आंबते, आणि सिरिंज जोरात दाबली गेली तर ते श्वासनलिकेत उतरते. पिल्लू मेले की ‘नशीब’ म्हणून दुसरे आणले जाते. जगलेल्या पिल्लांचे काय होते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी कॉकाटीलवरच तपासले आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. हाताने वाढवलेले नर ज्या जोड्यांत होते त्यांच्यात घरट्याची पेटी तपासण्याचे आणि फलित अंड्यांचे प्रमाण कमी भरले. हाताने वाढवलेल्या माद्यांनी अंडी जास्त घातली, पण त्यांतली बरीचशी पेटीऐवजी पिंजऱ्याच्या तळावर. आईबापांकडून जे शिकायचे ते राहून गेले, की त्याची खूण वयात आल्यावरही पुसत नाही.

ज्या तालुक्यांत कुक्कुटपालन घरोघरी माहीत आहे, तिथे यावर उत्तर तयार असते: कोंबडीची पिल्ले मशीनमध्येच उबवतात, आईचे तोंडही पाहत नाहीत, तरी नीट वाढतात. खरे आहे, कारण कोंबडीचे पिल्लू डोळे उघडे ठेवून, अंगभर लव घेऊन जन्मते आणि पहिल्याच दिवशी पायावर उभे राहून स्वतः दाणा टिपते. आई त्याला भरवत नाहीच. आंधळ्या आणि भरवून घेणाऱ्या पिल्लाला तो नियम लावणे हा जातीचा घोटाळा आहे. याहून चांगला प्रतिवाद जपानमधून करता येईल. योशिमासा सेकी यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हाताने वाढवलेल्या कॉकाटील नरांनी माणसाची चाल शिकून ध्वनिमुद्रणाच्या बरोबरीने शीळ घातली. म्हणजे हाताने वाढवलेला पक्षी उत्तम शिकतो, हे सिद्ध झाले. तो शिकू शकत नाही असे इथेही म्हणणे नाही. प्रश्न असा आहे, की त्यासाठी त्याला आईबापांपासून तोडावे लागते का? त्याचे उत्तर डेव्हिसच्याच अभ्यासकांनी १९९९ मध्ये ॲमेझॉन पोपटांवर दिले. पिल्ले आईबापांजवळच ठेवून रोज थोडा वेळ हाताळली, तरी ती न हाताळलेल्या पिल्लांपेक्षा स्पष्टपणे जास्त माणसाळलेली निघाली. पोपटाची जात वेगळी असली तरी दिशा उघड आहे. म्हणजे लळ्याचे काम हाताची ओळख करते, सिरिंज नाही. ती ओळख पैदास करणाऱ्याने रोज काही मिनिटे खर्चून पेटीतच करून द्यायची असते. ती मेहनत वाचवून भरवण्याचा भार गिऱ्हाइकावर ढकलायचा आणि त्याला मायेचे नाव द्यायचे, हा या सल्ल्याचा खरा हिशेब आहे.

तिन्ही उपाय बाद केले तर मग करायचे काय? उत्तर कंटाळवाणे आहे, पण गुंतागुंतीचे नाही. पिंजरा माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून, घरच्या वर्दळीच्या कडेला ठेवावा, म्हणजे पक्ष्याला पाठीमागून धास्ती राहत नाही. पहिले काही दिवस जवळ बसून बोलावे, टक लावून पाहू नये. मग राळ्याचे कणीस जाळीतून लांब धरावे. पक्षी पुढे झुकला, की जिभेने टक् असा आवाज करून लगेच टिपू द्यावे. हा आवाज बक्षिसाची वर्दी आहे. नेमक्या कुठल्या हालचालीचे बक्षीस मिळाले, हे त्याला त्या क्षणी कळते. तुरा सपाट झाला, अंग आवळले, तो बाजूला सरकला, की हात तिथून मागे घ्यावा. नवशिक्याला हे पटत नाही. हात मागे घेतला तर पक्षी शेफारेल, असे त्याला वाटते. घडते उलटे. आपण सांगितले की हात थांबतो, हे पक्ष्याला कळले की त्याची फिस्कारण्याची गरजच संपते आणि तो जास्त जवळ येऊ देतो. पुढे दार उघडून कणीस अशा जागी धरावे, की तिथवर पोचायला बोटावर एक पाय ठेवावा लागेल, मग दोन, मग बोट दोन इंच हलेल, मग खुर्चीच्या पाठीवरून हातावर एक लहानशी झेप. पक्षी कंटाळण्याआधी थांबावे. एकेक बैठक पाच-दहा मिनिटांची, दिवसातून दोनदा.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ हा शेवटचा व्यावहारिक आक्षेप. कात्रीला पाच मिनिटे लागतात आणि या रीतीला कित्येक आठवडे, हे मान्य. पण नीट ठेवलेला कॉकाटील पंधरा-वीस वर्षे जगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत हट्ट करणाऱ्या चौथीतल्या मुलासाठी आणलेला पक्षी तो मुलगा नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो. एवढ्या मुदतीपुढे सुरुवातीचे दोन महिने फार नाहीत. उलट घाईने गप्प केलेला पक्षी पुढे चावरा निघतो, किंवा स्वतःची पिसे उपटू लागतो, आणि मग अडगळीच्या व्हरांड्यात टांगला जातो. रोज वीस मिनिटे देणे ज्याला खरेच शक्य नाही, त्याच्यासाठी या लेखात युक्ती नाही. त्याने पक्षी आणू नये. बोलक्या पक्ष्याची अपेक्षा ठेवणाऱ्यानेही थोडे थांबावे. कॉकाटीलचा नर शीळ सुंदर उचलतो, शब्द मोजकेच. मादी बहुधा त्याही वाटेला जात नाही. मिरची चारल्याने जीभ सुटते ही समजूत तर निव्वळ गंमत आहे, कारण मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांच्या संवेदनेला लागतच नाही.

विरुद्ध टोकाचा आक्षेपही टाळता येणार नाही. जिथे भिगवण आणि कुंभारगावच्या पाणथळीत रोहित पक्षी पाहायला लांबून माणसे येतात, त्या उजनीच्या काठावर पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या शिकवणीचे शास्त्र कशाला सांगायचे? पक्षी पाळूच नये, हेच सरळ उत्तर नाही का? २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क असल्याचे मत नोंदवले, त्याचाही दाखला दिला जातो. या भूमिकेचा आदर ठेवूनही ती अपुरी आहे असे म्हणावे लागते. उद्यापासून एकही कॉकाटील विकला गेला नाही, तरी आज घरोघरी असलेले पक्षी पुढची पंधरा वर्षे राहणारच. त्यांना सोडून देणे ही सुटका ठरत नाही. त्यांचा थवा इथे नाही, अन्न शोधणे ते शिकलेले नाहीत, आणि पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा नवखा पक्षी माळावर घारीच्या आणि कावळ्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांच्यापुरता उडण्याचा हक्क बंद खोलीतल्या रोजच्या मोकळ्या तासाएवढाच उरतो. आणि तो तास मिळण्यासाठी पक्ष्याचे पंख शाबूत असावे लागतात, आणि हाक मारल्यावर तो हातावर परत यावा लागतो. म्हणजे पाळू नका म्हणणाऱ्याने आणि पाळणाऱ्यानेही एकाच गोष्टीचा आग्रह धरायला हवा. न शिकवलेला पक्षी पिंजऱ्यातून बाहेर काढताच येत नाही. शिकवणे हीच त्याच्या मोकळेपणाची अट आहे.

तेव्हा निवाडा गिऱ्हाइकाच्या हातात आहे. पिल्लू दाखवले की विचारावे, हे स्वतः दाणा फोडून खाते का, आणि खाताना दाखवायला सांगावे. पंख पसरून पाहावे, छाटलेले असतील तर ‘हँडटेम’ या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत. आईबापांजवळ वाढलेले, रोज हाताळलेले, उडता येणारे पिल्लू मागावे. मागणी बदलली की पैदास करणारेही बदलतात, धंद्याला तेवढीच भाषा कळते. घरी आणल्यावर आपल्या यशाची परीक्षाही आपणच घ्यावी. पंख पूर्ण, वाटी भरलेली, पिंजऱ्याचे दार उघडे, आणि तरीही पक्षी हातावर येतो का? येत असेल तर तो माणसाळला. यांतली एकही अट काढून घेतल्यावरच येत असेल, तर फुशारकी मारण्याजोगे अजून काही झालेले नाही, आणि शिकवायचे काम बाकी आहे.